देव्हाऱ्यामागचं समन्स: दिवाणी दाव्यात फुकट वकील कसा मिळतो

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)



आजचा विषय कोर्टाचा आहे. लगेच पुढचा एपिसोड लावू नका. कारण आज मी वकिलांशी बोलत नाहीये. घरात कुठलाही सरकारी कागद आला की "ए, हे वाच रे जरा" म्हणून ज्याच्या हातात तो दिला जातो, त्या पोराशी किंवा पोरीशी बोलतोय. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं. आमच्या घरात ते मी आहे.

तर आमच्या एका आत्याची गोष्ट. गाव कंधारकडचं, एवढंच सांगतो. आत्या विधवा आहे. नवऱ्याच्या वाटणीला आलेलं एक एकर रान, एक म्हैस, आणि पोरगा पुण्याला कंपनीत. दोन वर्षांमागं जूनमध्ये पाऊस पडला, पेरणी करायला ती रानात गेली, तर भाऊबंदातले दोघं बांधावर उभे. त्यांनी एक कागद दाखवला. म्हणाले, "कोर्टाचा हुकूम आहे, ह्या रानात पाय टाकायचा नाही."

संध्याकाळी मला फोन. मी दुसऱ्या दिवशी गेलो. विचारलं, "आत्या, ह्याच्या आधी काही कागद आलता का घरी?"

आत्या उठली. देव्हाऱ्यातल्या फोटोंच्या मागं हात घातला आणि एक कॅरीबॅग काढली. आत समन्स, आणि समन्साला जोडलेली दाव्याची प्रत. घडीवर हळदीचे डाग.

"हे कधी आलं?"

"आलतं बाबा मागं. कोर्टाचा माणूस आलता. मी हातच लावला नाही. सही केली की अडकतंय म्हणाले सगळे."

"मग?"

"मग त्यानं दाराला डकवलं. मी काढून देवामागं ठेवलं. म्हणलं, देव बघून घेईल."

मंडळी, देवानं बघितलं का मला माहीत नाही. कोर्टानं तारखा दिल्या. आत्या एकाही तारखेला गेली नाही. तिच्या बाजूनं कोणी वकीलपत्र दाखल केलं नाही, कैफियत दिली नाही. कोर्टासमोर फक्त समोरच्याचे कागद होते, समोरच्याचं शपथपत्र होतं. कोर्टानं एकतर्फी निकाल दिला. आत्याला तिच्याच रानात जायला मनाई.

मी विचारलं, "आत्या, वकील का नाही बघितला?"

ती म्हणाली, "वकिलाला द्यायला पैसे कुठं हायत रे?"

आता ऐका. आत्या बाई आहे. या देशात कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न किती का असेना, कोर्टात सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच त्याची सोय आहे. समन्स घेऊन ती त्या दारात गेली असती तर एक रुपयाही लागला नसता. तिला हे कोणी सांगितलं नाही. मलाही माहीत नव्हतं, हे कबूल करतो.

दिवाणीत कोणी विचारत नाही

आजच्या एपिसोडमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

फौजदारी आणि दिवाणी यात एक मोठा फरक आहे. पोलिसांनी एखाद्याला पकडून कोर्टापुढं उभं केलं, तर न्यायाधीश त्याला विचारतात: वकील आहे का? नसेल तर सरकारी खर्चानं देऊ का? हे विचारणं कोर्टावर बंधनकारक आहे. सुप्रीम कोर्टानं १९७८ साली हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात आणि १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात मोफत वकिलाचा हक्क पक्का केला. सिनेमात आपण जे बघतो, ते बहुतेक हेच कोर्ट असतं.

दिवाणी दावा म्हणजे जमिनीचा, वाटणीचा, घर खाली करण्याचा, पैसे वसुलीचा, घटस्फोटाचा. तिथं कोणी तुम्हाला धरून नेत नाही. एक कागद येतो, त्यावर एक तारीख असते. तुम्ही गेलात तर गेलात. नाही गेलात तर दावा तुमच्याशिवाय चालतो आणि निकाल लागतो. "या बाईकडं पैसे नसतील म्हणून आली नसेल, हिला एक वकील देऊ," असं तिथं कोणी आपणहून म्हणत नाही. तुम्ही मागायचं असतं.

म्हणून फौजदारीपेक्षा दिवाणीत गरीब माणूस जास्त गपचूप हरतो. बेड्या नाहीत, पोलीस गाडी नाही, गावात चर्चा नाही. सातबारा मात्र बदलतो.

समन्स मिळाल्यापासून कैफियत द्यायला ३० दिवस असतात. कारण दाखवून कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. म्हणजे तुमच्या हातात महिना आहे. तो देव्हाऱ्यामागं घालवायचा नाही.

आणि सही केल्यानं माणूस अडकत नाही. समन्स घेतलं म्हणजे तुम्ही काही कबूल केलं असं होत नाही. कागद मिळाला, एवढंच त्या सहीचं म्हणणं असतं. नाही घेतलं तरी दाराला डकवून ते बजावता येतं. मग घेतलेलं बरं, निदान आत काय लिहिलंय ते तरी कळतं.

कायद्यात आपलंच नाव आहे

आता हा हक्क आला कुठून?

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत ३९अ हा अनुच्छेद आला. पैसा नाही किंवा दुसरी काही अडचण आहे, म्हणून कोणी न्यायापासून वंचित राहू नये, त्यासाठी राज्यानं मोफत विधी साहाय्य द्यावं, असं तो सांगतो. त्यावरून संसदेनं १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण अधिनियम केला. पण कायदा होणं आणि लागू होणं यात आपल्याकडं अंतर असतं. हा कायदा लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. म्हणून दरवर्षी ९ नोव्हेंबरला विधी सेवा दिन असतो.

या दोन तारखांच्या मध्ये आपल्याकडं काय घडलं, आठवा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे. किल्लारी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण लातूर-धाराशिवकडच्या घरात ती पहाट अजून सांगितली जाते.

या कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. त्यात एक ओळ अशी: ज्यांच्यावर स्वतःचा काही दोष नसताना वेळ आलीय, म्हणजे मोठी आपत्ती, वांशिक हिंसा, जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ, भूकंप, औद्योगिक दुर्घटना यांचे बळी. किल्लारी हादरली तेव्हा 'भूकंप' हा शब्द असलेला हा कायदा मंजूर होऊन सहा वर्षं झाली होती, आणि लागू व्हायला अजून दोन वर्षं होती.

आज तो लागू आहे. पूर, दुष्काळ, भूकंप. मराठवाड्याची पत्रिकाच लिहिलीय जणू. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात गावात पाणी शिरलं. अशा आपत्तीत सापडलेल्या माणसाला मोफत वकील मागताना गरिबी वेगळी सिद्ध करावी लागत नाही. पंचनाम्याची प्रत, नुकसानग्रस्तांच्या यादीतलं नाव, तलाठ्याचा कागद, जे असेल ते अर्जाला जोडा आणि अर्जात स्पष्ट लिहा की मी पूरग्रस्त आहे किंवा दुष्काळग्रस्त आहे. आपण हे लिहीतच नाही. आपल्याला ते नेहमीचंच वाटतं.

अजून कोणाला?

यादी सांगतो. मनात घरातली माणसं मोजत जा.

अनुसूचित जाती किंवा अनुसूचित जमातीची व्यक्ती. उत्पन्नाची अट नाही.

कोणतीही महिला. कोणतंही १८ वर्षांखालचं मूल. उत्पन्नाची अट नाही.

दिव्यांग व्यक्ती. उत्पन्नाची अट नाही.

औद्योगिक कामगार. मानवी तस्करीचे किंवा वेठबिगारीचे बळी. कोठडीत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती. आणि आत्ता सांगितले ते आपत्तीग्रस्त.

यातलं काहीच लागू नसेल तर उत्पन्न बघतात. महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेली कोणतीही व्यक्ती पात्र आहे. जात, धर्म, कोणताही. ऑटोवाले मामा, हॉटेलात काम करणारा पोरगा, कोरडवाहू चार एकरवाला शेतकरी, सगळे यात बसू शकतात.

उत्पन्नाचा दाखला हातात नसेल तर? कायद्याच्या कलम १३ मध्ये लिहिलंय की उत्पन्नाबद्दल स्वतःचं शपथपत्र दिलं तर ते पुरेसं धरता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला काही कारण नसेल तर. म्हणजे सेतूवरून तहसीलचा दाखला निघाला तर उत्तमच, पण तारीख चार दिवसांवर आलीय आणि दाखला अडकलाय, म्हणून घरी बसू नका.

एक गोष्ट बघतात: प्रकरणात प्रथमदर्शनी काही तथ्य आहे का. शेजाऱ्याला नुसता त्रास द्यायला दावा टाकायचाय, तर त्यासाठी हे नाही.

फक्त कोर्टातच असं नाही

आपल्या भागातले निम्मे वाद कोर्टात नसतातच. ते तहसीलला असतात.

या कायद्यात 'न्यायालय' या शब्दाची व्याख्या मोठी आहे. दिवाणी, फौजदारी आणि महसुली न्यायालय, शिवाय न्यायाधिकरण आणि न्यायनिवाडा करणारा कुठलाही अधिकारी त्यात येतो. म्हणजे काय काय येतं बघा.

फेरफाराला हरकत घेतलीय आणि मंडळ अधिकाऱ्यापुढं किंवा तहसीलदारापुढं सुनावणी आहे. त्यावर प्रांताकडं अपील आहे. शेताचा रस्ता अडवला, त्याचा तहसीलदाराकडं अर्ज आहे, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली. अपघातात घरातला कर्ता माणूस गेला, मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागायचीय. या सगळ्या ठिकाणी मदत मागता येते.

सावकारीचं तर वेगळं सांगतो. कर्जापोटी सावकारानं जमिनीचं खरेदीखत करून घेतलं, हे आपल्याकडं घरोघरी ऐकलेलं आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार अशा जमिनीबद्दल सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. व्यवहार अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतला असेल आणि तो अवैध सावकारीतून झाला असं चौकशीत दिसलं, तर तो रद्द करून जमीन परत देण्याचा हुकूम होऊ शकतो. असा अर्ज लिहायला, पुरावे लावायला जाणतं माणूस लागतं. ते माणूस इथं फुकट मिळतं.

आणि वाद उभा राहायच्या आधीचा सल्ला. हे पोरींनी विशेष ऐका. भाऊ म्हणतो, "ताई, एक सही कर फक्त, हक्कसोडपत्र आहे." सही करण्याआधी तो कागद घेऊन विधी सेवेच्या वकिलाला दाखवा. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्या तारखेला वडील हयात असणं गरजेचं नाही. तुम्हाला हक्क सोडायचाच असेल तर सोडा, भाऊ-बहिणीत प्रेम आहे, चांगलंय. पण काय सोडतोय हे कळून सोडा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणं लई अवघड जातं.

जायचं कुठं, न्यायचं काय

जिल्ह्याला असतं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. नांदेडला आहे, लातूरला आहे, जिल्हा न्यायालयातच. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात, आणि रोजचं काम सचिव बघतात. सचिव स्वतः न्यायाधीश असतात, हे लक्षात ठेवा. तालुक्याला असते तालुका विधी सेवा समिती, तिथल्या न्यायालयात. नांदेड जिल्ह्याचे १६ तालुके, लातूरचे १०. किनवटच्या माणसानं पहिल्या झटक्यात नांदेड गाठायची गरज नाही. आधी आपल्या तालुक्याच्या कोर्टात विचारा. हायकोर्टात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात प्रकरण गेलं, तर तिथंही उच्च न्यायालयाची विधी सेवा उपसमिती आहे.

कोर्टाच्या गेटवर गेलात की "फुकटचा वकील कुठं मिळतो" असं विचारायला लाज वाटते, माहितेय. "विधी सेवा कार्यालय कुठंय?" असं विचारा. शिपाई बोट दाखवेल.

न्यायचं काय? आधारची झेरॉक्स. समन्स, नोटीस, जो कागद आलाय तो, पाकिटासकट. सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत, रेशनकार्ड, जे प्रकरणाशी संबंधित असेल ते. जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा उत्पन्नाचा दाखला, जे लागू असेल ते. अर्जाचा नमुना तिथं मिळतो, त्याला पैसे नाहीत. मराठीत लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्यानं तोंडी सांगितलं तरी चालतं, तिथला माणूस किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतो.

घरबसल्या सुरुवात करायची असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे: १५१००. पाच आकडे. त्यांच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्जही करता येतो. पण माझा अनुभव सांगतो, तारीख जवळ असेल तर एसटी पकडा. आत्याला घेऊन आम्ही गेलो तेव्हा तिला बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट लागलं. वकिलापेक्षा माझंच भाडं जास्त झालं.

अर्ज मंजूर झाला की पॅनेलवरचा वकील नेमून देतात. वकिलाची फी प्राधिकरण देतं. कोर्ट फी, समन्स काढायचा खर्च, टायपिंग, नकला, हेही या मदतीत येतं. शिवाय बायकांसाठी महाराष्ट्रात अजून एक गोष्ट आहे जी खाजगी वकील लावला तरी लागू होते: १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेनं पोटगी, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे.

"फुकटचा वकील काय कामाचा?"

हा प्रश्न चावडीवर हमखास येतो. मीही विचारला होता.

खरं सांगतो. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारी फी बाहेरच्या मानानं कमी असते. काही वकील जीव तोडून काम करतात, काही तारखेला ज्युनिअर पाठवतात. पण खाजगी वकील पाठवत नाहीत का? फरक एवढाच की इथं तुम्हाला तक्रार करायला एक जागा आहे. नेमलेल्या प्रकरणांवर लक्ष ठेवायला प्राधिकरणात देखरेख समिती असते. वकील भेटत नसेल, तारखेला उभा राहत नसेल, तर सचिवांना लेखी अर्ज द्या, वकील बदलून मागा.

आणि त्या वकिलाला तुमच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. "टायपिंगचे द्या", "साहेबांना चहापाणी", काहीही असो. मागितले तर देऊ नका, सचिवांना सांगा. तसंच फोनवर कोणी "सरकारी योजनेतून मोफत वकील, आधी नोंदणी फी पाठवा" म्हणालं, तर फोन ठेवा. फी मागितली तिथंच ते खोटं ठरलं.

तुमच्याकडूनही काम आहे. वकील फुकट आहे म्हणून तारीख फुकट नाही. ई-कोर्ट्सचं ॲप फोनमध्ये टाका. प्रत्येक प्रकरणाला १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर असतो. तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. मी आत्याचा नंबर सेव्ह केलाय. रील बघता बघता महिन्यातून एकदा तेही बघतो.

लोकअदालतीची नोटीस आली तर

हे तरुण पोरांसाठी. फोनचं थकीत बिल, बँकेचं कर्ज, ग्रामपंचायतीची घरपट्टी, यासाठी "राष्ट्रीय लोकअदालतीत हजर राहा" अशी नोटीस येते. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. नोटीस बघून लोकांची झोप उडते.

घाबरू नका. दावा दाखल व्हायच्या आधीचं प्रकरण असेल तर ते तडजोडीचं बोलावणं आहे. गेला नाहीत म्हणून वॉरंट निघत नाही. पण कर्जही पुसलं जात नाही, समोरचा नंतर कोर्टात जाऊ शकतो. गेलात तर बऱ्याचदा व्याज कमी करून, हप्ते पाडून मिळतात. कोर्टात चालू असलेला दावा तिथं मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

एक सावधगिरी मात्र ठेवा. लोकअदालतीतला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, आणि त्यावर अपील नाही. म्हणून "करून टाका हो, संपवा एकदाचं" असं कोणी कितीही म्हणालं तरी आकडा आणि अटी वाचल्याशिवाय सही करायची नाही. तडजोड पटली नाही तर "नाही" म्हणायचं. प्रकरण परत कोर्टात जातं, बाकी काही होत नाही.

आत्याचं पुढं काय झालं

सांगतो.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला कोर्टात अर्ज करता येतो. मुदत ३० दिवसांची. समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर निकाल कळल्यापासून ३० दिवस धरतात. आत्याचं समन्स दाराला डकवलेलं, म्हणजे कायद्यानं बजावलेलंच. मुदत कधीच उलटली होती. पॅनेलवरच्या वकील मॅडमनी दोन अर्ज टाकले: एक निकाल रद्द करण्याचा, एक उशीर माफ करण्याचा. आत्यानं शपथपत्रात खरं ते लिहून दिलं. शिकलेली नाही, कागद कळला नाही, पोरगा बाहेरगावी.

समोरच्या वकिलानं जोरात हरकत घेतली. आठ महिने गेले. शेवटी कोर्टानं उशीर माफ केला, पण समोरच्याला खर्च म्हणून काही रक्कम द्यायला लावली. ती रक्कम सरकार देत नाही, आम्हीच जमवली. निकाल रद्द झाला आणि दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. अजून चालू आहे. जिंकेल की नाही, मला माहीत नाही. दोन खरीप तिनं रान बांधावरूनच बघितलं. हे नुकसान कोणी भरून देणार नाही.

पण परवा तारखेला ती एकटी गेली. शिपायानं नाव पुकारलं, ती उभी राहिली. न्यायाधीशांनी विचारलं, वकील कोण? तिनं मॅडमकडं बोट दाखवलं. फोनवर मला सांगत होती, "अरे, माझं बी कोणीतरी बोलायलंय तिथं."

तर मंडळी, आज रात्री एक काम करा. आई, आजी, आत्या, काकू, जे कोणी असेल त्यांना विचारा: "कोर्टाचा, तहसीलचा, बँकेचा काही कागद आलाय का?" देव्हाऱ्यामागं बघा, कपाटातल्या साडीखाली बघा, पत्र्याच्या पेटीत बघा. सापडला तर फोटो काढा, तारीख वाचा, ती फोनमध्ये टाका. आणि त्या तारखेच्या आधी तालुक्याच्या कोर्टात जाऊन विधी सेवा कार्यालय कुठंय, ते विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि कागद सांभाळा.